विश्लेषण : कर्मचारी बदलतो, माहिती हरवते… आर्णीसारख्या तालुक्यात जुनी नोंद शोधणे इतके कठीण का?

प्रवेशाचा हंगाम जवळ आला की आर्णी तालुक्यातील अनेक घरांत एकाच गोष्टीची शोधाशोध सुरू होते. आजोबा-पणजोबांच्या नावाची, जातीचा उल्लेख असलेली जुनी नोंद. जात वैधता प्रमाणपत्रासाठी ती लागते. अनेकदा नोंद नष्ट झालेली नसते. ती कोणत्या कार्यालयात, कोणत्या गठ्ठ्यात आहे हे सांगू शकणारा कर्मचारी मात्र निवृत्त झालेला किंवा बदलून गेलेला असतो. व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नासाठी ‘ज्ञान व्यवस्थापन’ असा शब्द आहे. हा विषय मोठ्या कंपन्यांचा वाटतो, पण त्याची खरी किंमत तालुक्याच्या गावात मोजावी लागते. ती कशी, याविषयी…

ज्ञान व्यवस्थापन म्हणजे काय?

एखाद्या संस्थेला काम चालवण्यासाठी जे ठाऊक असावे लागते, ते माणसे बदलली तरी संस्थेकडे राहावे, गरज असलेल्याला वेळेत मिळावे आणि चुकीचे निघाल्यास दुरुस्त व्हावे, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे ज्ञान व्यवस्थापन. यात माहिती आणि ज्ञान यांतला फरक महत्त्वाचा. नोंदवहीत लिहिलेले नाव, वर्ष, अनुक्रमांक ही माहिती. ‘या गावाच्या त्या काळातल्या नोंदी आपल्या कपाटात नाहीत, गाव तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होते, तिकडे विचारा’ हे ज्ञान. पहिली गोष्ट कागदावर असते. दुसरी बहुधा कोणाच्या तरी डोक्यात असते.

ब्रिटनमधील विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या दुसऱ्या प्रकाराची मांडणी केली. माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, हा त्यांचा मुद्दा. जपानचे इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मध्ये तो संस्थांना लावून दाखवला. त्यांचे गाजलेले उदाहरण घरगुती पाव भाजण्याच्या यंत्राचे आहे. १९८० च्या दशकात मात्सुशिता कंपनीच्या यंत्रात पाव नीट होत नव्हता. कृती कागदावर होती, प्रमाणही बरोबर होते. शेवटी कंपनीतील एका महिला अभियंत्याने ओसाका येथील एका हॉटेलातील मुख्य पाव कारागिराच्या हाताखाली काम शिकून घेतले. पीठ मळताना तो ते एका विशिष्ट पद्धतीने ताणतो आणि पिळतो, हे तिच्या लक्षात आले. त्यानुसार यंत्रात बदल झाले आणि पाव जमला. कारागिराला ते करता येत होते, पण त्याने ते कधी कुठे लिहिलेले नव्हते.

आता हा विषय आंतरराष्ट्रीय मानकांतही आला आहे. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या ‘आयएसओ ९००१’ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेकडे असलेले ज्ञान टिकवण्याची अट आहे. २०१८ मध्ये तर फक्त ज्ञान व्यवस्थापनासाठी ‘आयएसओ ३०४०१’ हे स्वतंत्र मानक आले.

आर्णीत हा प्रश्न उठून का दिसतो?

याचे उत्तर तालुक्याच्या इतिहासात आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले आणि वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका त्यात आला. यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी आणि पुसद असे त्या वेळी पाच तालुके होते. आज जिल्ह्यात १६ तालुके आहेत. आर्णी त्या पहिल्या पाचांत नव्हता.

याचा अर्थ सरळ आहे. आजच्या आर्णी तालुक्यातील गावांची जुनी कागदपत्रे तयार झाली, तेव्हा ती दुसऱ्या तालुक्याच्या नावाखाली तयार झाली. नवा तालुका झाला की नकाशावर रेषा एका दिवसात ओढली जाते. दप्तर मात्र एका दिवसात हलत नाही. काही गठ्ठे नव्या कार्यालयात येतात, काही जुन्या कार्यालयातच राहतात, काही जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात जातात. कोणते कुठे गेले याची सूची त्या वेळी नीट झाली नाही, तर पुढे ती फक्त दप्तर हाताळणाऱ्यांच्या आठवणीत उरते.

आर्णी शहराचेही असेच आहे. शहराचा कारभार ग्रामपंचायतीकडून नगरपरिषदेकडे गेला. कार्यालयाची पाटी बदलली, पण जन्म-मृत्यूच्या आणि मालमत्तेच्या नोंदी आधीच्या व्यवस्थेत तयार झालेल्या आहेत. त्या वाचायला आधीची व्यवस्था कशी चालत होती हे ठाऊक असावे लागते.

जात पडताळणीशी याचा संबंध काय?

महाराष्ट्रात जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात आणि त्याची पडताळणी समिती करते. २००१ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार आपण अमुक जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. त्यासाठी ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा.

आर्णी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तालुक्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत आणि हा समाज राज्यात विमुक्त जातींमध्ये मोडतो. कुणबी व अन्य इतर मागासवर्गीय कुटुंबेही आहेत. म्हणजे वरच्या तारखांपैकी कोणती ना कोणती तारीख इथल्या बहुतेक घरांना लागू पडते.

आता या तारखांच्या शेजारी दुसऱ्या काही तारखा ठेवून पाहा. १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. १९६७ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. पुरावा ज्या काळातला हवा, नेमक्या त्याच काळात दप्तर एका व्यवस्थेकडून दुसऱ्या व्यवस्थेकडे जात होते. तांड्यावरच्या मुलाला १९६१ पूर्वीचा शाळेचा दाखला हवा असतो. ती शाळा तेव्हा कोणत्या संस्थेकडे होती, तिचे दाखल-खारीज रजिस्टर नंतर कुठे गेले, हे कळल्याशिवाय शोध सुरूच होत नाही.

विदर्भात याबाबतीत ‘कोतवाल बुक’ला विशेष महत्त्व आहे. कोतवालाने गावातील जन्म-मृत्यूची नोंद करायची, ही जुनी पद्धत. त्यात नावाबरोबर जातही लिहिलेली आढळते. त्यामुळे कोतवाल बुकाची नक्कल हा अनेक कुटुंबांचा मुख्य पुरावा ठरतो. मात्र या वहीत आजच्यासारखे पूर्ण नाव, आडनाव असेलच असे नाही. कुठे नुसते मुलाचे किंवा बापाचे नाव असते. अक्षर वाचायला अवघड असते. काही जुनी कागदपत्रे मोडी लिपीत असतात. नक्कल देणाऱ्या कर्मचाऱ्याला गाव, वर्ष आणि त्या काळची लिहिण्याची रीत माहीत असेल तर काम तासाभरात होते. नसेल तर ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा मिळतो. नोंद खरोखर नाही की सापडली नाही, यातला फरक त्या शेऱ्यातून कळत नाही. विद्यार्थ्यासाठी मात्र राखीव जागेवरचा प्रवेश राहणे किंवा जाणे त्या फरकावर ठरू शकते.

कार्यालयात ज्ञान कुठे कुठे साठलेले असते?

साधारणपणे चार ठिकाणी. पहिले, शासन निर्णय, परिपत्रके आणि स्थायी आदेश. काम कोणत्या नियमाने करायचे हे त्यांत असते. दुसरे, नोंदवह्या. आवक-जावक, कार्यविवरण नोंदवही, गावपातळीवर सातबारा, आठ-अ, फेरफार यांसारखे गाव नमुने. तिसरे, संचिकेतील टिपणी. एखादा निर्णय का झाला, कोणाचे म्हणणे विचारात घेतले, हे टिपणी वाचल्यावर कळते. चौथे ठिकाण म्हणजे माणसे. लिपिक, शिपाई, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कोतवाल.

पहिल्या तीन ठिकाणचे ज्ञान लेखी असते आणि त्याची ने-आण करता येते. चौथ्या ठिकाणचे माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते. अमुक गावात एकाच नावाचे दोन शेतकरी आहेत, नक्कल देताना वडिलांचे नाव पाहायलाच हवे. तमुक सालच्या वह्यांना वाळवी लागली होती, पण त्यांची दुसरी प्रत जिल्ह्याला आहे. अशा गोष्टी कोणत्याही परिपत्रकात नसतात.

कार्यभार हस्तांतरणात काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. किल्ल्या, शिक्के, रोख रक्कम, जडवस्तू, प्रलंबित प्रकरणांची यादी असे सारे सहीनिशी दिले-घेतले जाते. खुर्ची मोजली जाते, कपाट मोजले जाते. कपाटात काय शोधायचे आणि कसे, हे सांगण्यासाठी त्या कागदावर रकाना नसतो.

मग बदल्या थांबवाव्यात का?

नाही. बदल्यांमागे सबळ कारण आहे. एकाच खुर्चीवर माणूस वर्षानुवर्षे राहिला की हितसंबंध तयार होतात. महाराष्ट्राने २००५ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यानुसार सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे आणि नियमित बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. याच कायद्यात फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, अशीही तरतूद आहे.

दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या की अडचण लक्षात येते. मे महिन्यात बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला काम समजायला काही महिने लागतात. नेमके त्याच महिन्यांत प्रवेश, पीककर्ज आणि दाखल्यांची गर्दी असते. जुना कर्मचारी जातो तेव्हा आणि नवा गोंधळलेला असतो तेव्हाच नागरिकांची गरज सर्वाधिक असते.

निवृत्तीचेही तसेच. राज्य शासनातील बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. ती तारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते. म्हणजे कोणते ज्ञान कोणत्या दिवशी दाराबाहेर जाणार, हे कार्यालयाला अनेक वर्षे आधी कळलेले असते. अचानक काही घडत नाही. तरीही निरोप समारंभाची तयारी होते, ज्ञान काढून ठेवण्याची होत नाही. शिवाय बरेच ठाऊक असलेला कर्मचारी कार्यालयाला सोयीचा असतो. तो आहे तोवर सूची करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. काही वेळा हे आपल्यालाच माहीत असण्यात त्या कर्मचाऱ्याचे वजनही असते.

महाराष्ट्राने यावर काय करून पाहिले?

यातला सर्वात गाजलेला प्रयोग अहमदनगरचा (आता अहिल्यानगर). १९८० च्या दशकात तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बैठकव्यवस्था, कामाची विभागणी आणि दप्तर यांची नव्याने मांडणी केली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून तो राज्यभर ओळखला गेला.

शासकीय दप्तराच्या शिस्तीत ‘सहा गठ्ठे’ पद्धतीला मोठे स्थान आहे. टेबलावरच्या कागदांचे सहाच गठ्ठे करायचे. कारवाई करायची प्रकरणे, उत्तराची वाट पाहत असलेली प्रकरणे, ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रे, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. याच्या जोडीला अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जपायचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘ड’ वर्गाचे एक वर्षानंतर नष्ट करायचे. काय ठेवायचे हे ठरवण्याइतकेच काय टाकायचे हे ठरवणे महत्त्वाचे, हे या पद्धतीचे सार आहे. सगळेच जपून ठेवले तर हवे ते सापडत नाही.

२०१७ मध्ये पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ हा उपक्रम राबवला. त्यातही दप्तराचे वर्गीकरण आणि सहा गठ्ठ्यांची शिस्त होती. दप्तर जपण्याची पद्धत कार्यालयांना नव्याने शिकवावी लागली, ती त्यांच्याकडे आधीपासूनच असताना. एखादी पद्धत अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, तेव्हा ती त्या अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर ढिली पडण्याचा धोका असतो.

जमिनीच्या नोंदींत मात्र मोठा बदल टिकला. संगणकीकृत सातबारा, ऑनलाइन फेरफार आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी यांमुळे आर्णीतला शेतकरीही मोबाइलवर आपला उतारा पाहू शकतो. इथे नमुना ठरलेला होता, रकाने ठरलेले होते आणि नोंद कोणी करायची हेही ठरलेले होते. म्हणून ते ज्ञान माणसाकडून यंत्रणेकडे जाऊ शकले.

स्कॅनिंग केले की प्रश्न सुटतो का?

अर्धाच. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी अभिलेख कक्षांतील जुनी कपाटे उघडली गेली, मोडी वाचकांची मदत घेण्यात आली, लाखो नोंदी सापडल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या टाकण्यात आल्या. ठरवले तर जुने दप्तर वाचता येते, हे त्यातून दिसले.

मात्र तो शोध एका विशिष्ट प्रश्नासाठी होता. त्याच वहीच्या त्याच पानावर इतर समाजांच्या कुटुंबांच्या नोंदी असतील, तर त्यांची सूची त्या शोधातून आपोआप तयार होत नाही. त्यांच्यासाठी तेच पान पुन्हा उघडावे लागते. वही हातात असताना संपूर्ण वहीची गावनिहाय, वर्षनिहाय सूची केली, तर पुढचा शोध स्वस्त होतो. पानाचे नुसते छायाचित्र म्हणजे कपाटातला कागद संगणकात गेला एवढेच. गाव, साल आणि नाव टाकून तो सापडला पाहिजे. नावाचे स्पेलिंग, गावाचे जुने नाव, तेव्हाचा तालुका या गोष्टी सूचीत नसतील, तर संगणकही ‘आढळून येत नाही’ असेच सांगेल.

याला दुसरी बाजूही आहे. जातीच्या नोंदी संवेदनशील असतात. प्रत्येक पान सर्वांसाठी खुले करण्याची गरज नाही. कोणत्या गावाच्या कोणत्या वर्षांच्या वह्या कोणत्या कार्यालयात आहेत, एवढी यादी खुली असली तरी नागरिकाचा मोठा त्रास वाचतो.

हा फक्त कागदांचा प्रश्न आहे का?

नाही. यवतमाळ जिल्ह्याने याचे अधिक गंभीर रूप २०१७ मध्ये पाहिले. त्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले.

अशा संकटात ज्ञानाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतात. कोणते औषध किती विकले गेले हे कृषी सेवा केंद्राच्या बिलांत असते. कोणती कीड किती पसरली हे कृषी सहायकाला ठाऊक असते. रुग्ण कोणत्या लक्षणांनी येत आहेत हे प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी दिसते. कोणती दोन औषधे एकत्र करून फवारली हे मजुराला माहीत असते. डॉक्टरांना उपचारासाठी विषाचा प्रकार कळणे महत्त्वाचे असते, कारण सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषबाधेवर जे इंजेक्शन उपयोगी पडते, ते प्रत्येक कीटकनाशकावर चालते असे नाही. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषारीपणाची पातळी सांगतो, पण रुग्णाबरोबर डबा येतोच असे नाही. प्रत्येक कार्यालयाने आपापला तुकडा नीट जपला, तरी ते तुकडे एकत्र आले नाहीत तर तिसरा-चौथा रुग्ण येईपर्यंत साथीचा अंदाज येत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात विषबाधेच्या घटना कळवणे अधिसूचनेद्वारे बंधनकारक करण्याची तरतूद आहे. तिचा हेतू हाच.

सहकारातही हे दिसते. गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेचा गटसचिव हा बहुधा संस्थेची चालती-बोलती स्मरणशक्ती असतो. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यातून कर्जखात्याची थकबाकी पडद्यावर दिसते. सामाईक जमिनीवरच्या कर्जाबाबत भावाभावांत काय ठरले होते, हे मात्र कोणीतरी लिहून ठेवले तरच कळते.

आर्णीसारख्या कार्यालयात काय करता येईल?

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पहिले काम गावनिहाय अभिलेख सूचीचे. प्रत्येक गावासमोर तीन गोष्टी लिहायच्या. गाव पूर्वी कोणत्या तालुक्यात होते, कोणत्या वर्षांच्या कोणत्या वह्या उपलब्ध आहेत आणि त्या आज कुठे आहेत. जे उपलब्ध नाही, तेही स्पष्ट लिहायचे. शोधूनही न सापडलेल्या वहीची नोंद असेल, तर दहा अर्जदारांसाठी दहा वेळा शोध घ्यावा लागत नाही.

दुसरे, कार्यभार देताना दोन पानांचे टिपण. चालू कामे कुठे अडली आहेत, कोणत्या निर्णयामागे काय कारण होते, कोणती चूक वारंवार होते आणि कोणत्या कामासाठी कोणाला विचारावे. वरिष्ठांनी हे टिपण पाहिल्याशिवाय कार्यमुक्तीचा आदेश निघू नये, एवढा नियम पुरेसा आहे.

तिसरे, निवृत्तीपूर्वीचे सहा महिने. या काळात अनुभवी कर्मचाऱ्याबरोबर एक नवा कर्मचारी अभिलेख कक्षात बसला पाहिजे. जुन्या वह्या वाचणे ही हाताखाली शिकण्याची गोष्ट आहे, ओसाकाच्या पाव कारागिरासारखीच. मोडी वाचू शकणाऱ्यांची जिल्हास्तरावर यादीही हवी.

चौथे, व्हॉट्सअ‍ॅपबाबतची शिस्त. अनेक सूचना आता कार्यालयीन ग्रुपवर येतात आणि तिथेच राहतात. कर्मचारी ग्रुपमधून बाहेर पडला किंवा मोबाइल बदलला की त्या त्याच्यापुरत्या संपतात. ग्रुपवर आलेला महत्त्वाचा आदेश त्याच आठवड्यात स्थायी आदेश संचिकेत लागला पाहिजे.

ही कामे होत नाहीत, कारण त्यांची मोजदाद होत नाही. किती अर्ज निकाली निघाले हे आढावा बैठकीत विचारले जाते. किती गावांची सूची पूर्ण झाली हेही विचारले जाऊ लागले, तर चित्र बदलू शकते.

तोवर नागरिकांनी काय करावे?

जुन्या नोंदीचा अर्ज करताना गावाबरोबर त्या काळातील तालुक्याचे नाव, अंदाजे वर्ष, पूर्वजाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव द्यावे. आडनावाचा आग्रह धरू नये, कारण जुन्या नोंदीत ते नसू शकते. नोंद मिळाली नाही तर कोणत्या वर्षांच्या कोणत्या वह्या तपासल्या, हे लेखी मागावे. शेजारच्या जुन्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातही चौकशी करावी.

माहिती अधिकार कायदा इथे उपयोगी पडतो. त्याच्या कलम ४ नुसार अभिलेखांची सूची करून ते नीट ठेवणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर कलम ६(३) नुसार त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. म्हणजे कागद नेमका कुठे आहे हे नागरिकाला ठाऊक असलेच पाहिजे, असे कायदा मानत नाही. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. ‘कागद गहाळ आहे’ हे कारण माहिती नाकारण्याच्या कायदेशीर कारणांच्या यादीत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेखांसाठी जबाबदार अधिकारी नेमणे अपेक्षित आहे आणि ते नियमबाह्य नष्ट करणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे.

घरातही एक गोष्ट करता येते. वडील किंवा काकांकडे जात वैधता प्रमाणपत्र असेल, तर त्याची प्रत आणि त्या वेळी जोडलेल्या सर्व पुराव्यांच्या प्रती एका फायलीत ठेवाव्यात. कोणती नोंद कोणत्या कार्यालयातून, कोणत्या तारखेला मिळाली हे वर लिहावे. धाकट्या भावंडांना तीच वणवण पुन्हा करावी लागत नाही.

जबाबदारी कोणाची?

कायद्याने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. तो सिद्ध करणारा कागद मात्र सरकारच्या ताब्यात आहे आणि तो शोधण्याचे ज्ञान सरकारच्या कर्मचाऱ्यांकडे. कार्यालयाने ते जपले नाही, तर कार्यालयाचे काम थांबत नाही, शेरा मारून अर्ज निकाली निघतो. नुकसान होते ते मुदतीत कागद देऊ न शकलेल्या विद्यार्थ्याचे. त्यामुळे अभिलेख सूची आणि कार्यभाराचे टिपण ही कार्यालयाच्या सोयीची गोष्ट न मानता नागरिकाला द्यायच्या सेवेचाच भाग मानली पाहिजे. पुढच्या बदल्या एप्रिल-मेमध्ये होणार, हे आजच ठरलेले आहे. तोवर किमान ज्यांची मुदत संपत आली आहे, त्यांच्याकडचे ज्ञान लिहून घेता येईल.